जेवणाची धून

हल्ल्याच्या आदल्या दुपारी तॉर्किल मॅकफेलला कळलं की या खेपेला आपण बेण्यात गेलो.

बेणं म्हणजे बटाट्याचं. ऑरन खोऱ्यात बटाटे निघाले की घरोघरची बाई त्यातले चांगले, डोळे शाबूत असलेले बटाटे निवडून बाजूला ठेवते. मग हिवाळ्यात घरात चूल पेटायची पंचाईत झाली तरी त्या पोत्याला कोणी हात लावत नाही. पलटणीचीही तीच रीत होती. हल्ल्याला जाताना प्रत्येक कंपनीतली थोडी माणसं मुद्दाम मागे ठेवायची. एखादा अधिकारी, एखाददुसरा सार्जंट, स्वयंपाकी, आणि पायपर, म्हणजे पिशवीचा बाजा वाजवणारा. उद्या कंपनी कापली गेली, तर या मूठभर माणसांभोवती नवी कंपनी उभी करता यावी. गावाकडच्या दुसऱ्या पलटणीतून कवायत शिकून आलेल्या कोवळ्या पोरांना कोणीतरी सांगायला हवं ना, की इथं चहा कसा करतात, शिव्या कशा देतात आणि आपण कोणाचे कोण. सरकारी कागदात या रिवाजाला भारदस्त नाव होतं. या पलटणीची, म्हणजे ऑरन हायलंडर्सची, पोरं मात्र मागे राहणाऱ्यांना बेणं म्हणायची, आणि काही फार प्रेमानं म्हणायची नाहीत.

तॉर्किल तडक सार्जंट-मेजरकडे गेला. सार्जंट-मेजर हेक्टर गिलँडर्स एका उलट्या बादलीवर बसून दाढी करत होता. लढाई लागायच्या आधी तो खोऱ्यातल्या जहागीरदाराच्या जंगलाचा राखणदार होता. तॉर्किलच्या आईचा तो चुलतभाऊ. त्याचं नवल कोणी करू नये. या पलटणीत ए कंपनी म्हणजे बंदरावरचे कोळी, बी आणि डी म्हणजे गावातले दुकानदार आणि कारकून, आणि सी कंपनी म्हणजे सगळं ऑरन खोरं. सी कंपनीत कोणालाही हाक मारा, तो कोणाचा तरी मावसभाऊ निघायचा.

"मामा, हे काय ऐकतोय मी?"

"मामा घरी. इथं सार्जंट-मेजर."

"बरं, सार्जंट-मेजर. मी पायपर आहे. पायपर सगळ्यांच्या पुढं चालतो. माझे आजोबा चालले, बाप चालला. आणि मी टॉल्मीबरोबर कांदे चिरत बसू?"

हेक्टरनं वस्तरा पुसला. "उन्हाळ्यातल्या हल्ल्यात पुढं चाललेच होते सगळे पायपर. त्यातले उरले किती? तू, आणि ए कंपनीचा तो अर्धा बहिरा. रायफल चालवायला मी कोणालाही शिकवीन. तुझ्यासारखं वाजवणारा दुसरा कुठून आणू? तुझी आई तर म्हणते, असला एकच पुरे."

"लोक हसतात मला."

"हसू देत. हसायला जिवंत आहेत ना? जा आता, पाणी गार होतंय माझं."

विषय संपला. हेक्टरनं एकदा नाही म्हटलं की ते दगडावर कोरल्यासारखं असे. तॉर्किलच्या धाकट्या भावाला, फिनलेला, लहानपणी जहागीरदाराच्या नदीत चोरून सॅमन मासे धरताना त्यानं पकडलं होतं, तेव्हा बहिणीच्या डोळ्यातलं पाणी बघूनही त्यानं पोराला सोडलं नव्हतं. पुरा एक उन्हाळा त्याच्याकडून जंगलातलं कुंपण बांधून घेतलं होतं.

तॉर्किलला खरी धास्ती होती ती या फिनलेचीच. आईला दोनच मुलगे. आजवर प्रत्येक हल्ल्यात दोघं बरोबर गेले, आणि थोरला पुढं वाजवतोय तोवर धाकट्याला काही होणार नाही, अशी एक वेडी समजूत थोरल्याच्या मनात घट्ट बसली होती. उद्या फिनले एकटा जाणार होता.

संध्याकाळी कंपनी निघाली. फिनले रांगेतून बाहेर आला आणि दात काढत म्हणाला, "काय दादा, मोड आले का?"

"आगाऊपणा करू नकोस. डबा घेतलास?"

"लढाईला चाललोय. वनभोजनाला नाही."

"घे म्हणतो ना. परत आल्यावर कशात खाशील, टोपीत?"

तॉर्किलनं स्वतःच त्याच्या पट्ट्याला जेवणाचा डबा अडकवला आणि गरज नसताना बक्कल दोनदा ओढून पाहिलं. फिनलेनं ते मुकाट्यानं करू दिलं. मागून हेक्टर ओरडला, "मॅकफेल, तुमची पाठवणी झाली असेल तर आम्ही निघू का?" पोरं हसली आणि रांग चिखलातून पुढं सरकली.

रांग दिसेनाशी झाल्यावर स्वयंपाकी डूगल टॉल्मी तॉर्किलजवळ येऊन उभा राहिला. हा घरी खोऱ्यातल्या एकुलत्या एका खानावळीचा मालक. जाड, तक्रारखोर, आणि हाताला चव नावाला नाही.

"तुला ठाऊक आहे का," टॉल्मी म्हणाला, "या वेळी मागे राहायची पाळी हेक्टरची होती."

"काय सांगतोस?"

"मग! कॅप्टन नवा, नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा. हेक्टर म्हणाला, याच्याबरोबर कोणीतरी जाणतं हवं. आपल्या जागी सार्जंट मनरोला ठेवलं, तापानं फणफणलाय म्हणून. आणि तू इथं तोंड फुगवून बसलायस. चल, कांदे घे."

तॉर्किलनं कांदे घेतले. डोळ्यांना पाणी यायला निमित्त बरं होतं.

दुसऱ्या दिवशी धुकं पडलं. साधं नाही, हात लांब केला तर पंजा दिसू नये असं. तोफांचा गडगडाट त्यातून असा येत होता की कुठल्या दिशेनं येतोय तेही सांगता येईना. सी कंपनीनं परत येऊन जमायचं ठिकाण ठरलं होतं एक मोडका साखर कारखाना. बिटाची साखर करत असत तिथं. आता एक धुराडं आणि दीड भिंत उरली होती. भिंतीच्या आडोशाला टॉल्मीनं आपली चाकांची चूल लावली आणि संबंध कंपनीला पुरेल इतका रस्सा चढवला.

सकाळ उलटून गेल्यावर पहिले जखमी आले. शत्रूच्या हातातलं गाव घेतलं, असं त्यांनी सांगितलं. दुपारी दुसऱ्या पलटणीनं तिथं जाऊन जागा घेतली आणि आपल्या माणसांना परतायचा हुकूम मिळाला. म्हणजे जिंकलो. मग सी कंपनी कुठं होती?

ती धुक्यात होती. त्या भागात ना रस्ता उरला होता ना झाड. नुसते खड्डे, पाण्यानं भरलेले. माणूस चार पावलं चालला की आपण कुठून आलो तेच विसरे. घरी जातोय असं समजून शत्रूच्या हातात जाऊन पडणं सोपं होतं, आणि जखमी माणसानं खड्ड्यात बसून राहणं त्याहून सोपं. नोव्हेंबरच्या त्या गारठ्यात अंधार पडेपर्यंत जो बसून राहील, तो सकाळी उठणार नव्हता. हे टॉल्मीला कळत होतं, तापात पडलेल्या मनरोला कळत होतं, आणि तॉर्किलला तर त्या डब्याच्या बकलासकट कळत होतं.

त्यानं पाइप काढला, पिशवी काखेत घेतली आणि कारखान्याच्या फाटकात जाऊन उभा राहिला. काय वाजवायचं याचा त्यानं विचारही केला नाही. रेजिमेंटचं कूचगीत. छाती फुगवून, टाच आपटत, अगदी राजासमोर वाजवावं तसं. खरं सांगायचं तर त्यात थोडा राग होता. मला बेणं म्हणता काय, ऐका.

तो वाजवत राहिला. कोणी आलं नाही. ओठ बधिर झाले. कोणी आलं नाही.

शेवटी एकटा एक माणूस धुक्यातून उगवला. आर्ची बेथून, खोऱ्यातला गाडीवान. अंगभर चिखल, एका पायात बूट नाही, आणि संतापानं लाल.

"तू वाजवत होतास होय ते? अरे गाढवा!"

"का? काय झालं?"

"काय झालं म्हणून विचारतो! उन्हाळ्यात हेच वाजलं आणि आम्ही खंदकातून उठून मरायला पळालो. आज पुन्हा तेच ऐकल्यावर आम्ही काय समजणार? आला पुन्हा हल्ल्याचा हुकूम! सगळे खड्ड्यात आणखी खाली दडून बसलेत. इव्हर मॅक्रे तर कान झाकून बसलाय."

लढाईआधी खोऱ्यातल्या लग्नात, जत्रेत हेच गीत वाजलं की लोक टाळ्या वाजवत. तॉर्किलच्या कानाला अजून ते तसंच ऐकू येत होतं. एकट्या पायपरचीच होऊ शकेल अशी ही चूक होती, आणि ती त्यानं मोठ्या तोऱ्यात केली होती.

"मग तू कसा आलास?" टॉल्मीनं विचारलं.

"मला तुझ्या रश्श्याचा वास आला."

"जवळ आल्यावर ना?"

"अगदी जवळ. जळलाय तो."

"जळलेला नाहीये!" टॉल्मी उखडला. "खरपूस आहे. खायचा तर खा, नाही तर जा परत."

ते दोघं भांडत राहिले. पण तॉर्किलनं पुन्हा पिशवी फुगवली होती.

पायपरला रोज तीन धुना वाजवाव्या लागतात. उठायची, जेवायची, निजायची. आघाडीवर त्यातली एकही वाजत नाही. मागे एखाद्या खेड्यात, शेतकऱ्याच्या कोठारात मुक्काम असला तरच जेवणाची धून वाजे, आणि तिचा एकच अर्थ होता. लढाई लांब आहे, चूल पेटली आहे, या. तशी ती धून अगदीच साधी होती, उड्या मारणारी, लहान मुलांच्या खेळात शोभावी अशी. कोणा चावट माणसानं तिच्यावर शब्दही बसवले होते:

टॉल्मीची मेंढी गेली मरून,
आणलीय पातेल्यात भरून,
दात असले तर या रे या,
नसले तर रस्सा पिऊन जा.

तॉर्किलनं ती वाजवली. संपली की पुन्हा वाजवली. टॉल्मीनं मोठा डाव घेतला आणि रिकाम्या पातेल्यावर ताल धरला. एरवी त्या शब्दांवरून तो आठ-आठ दिवस रुसून बसायचा. आज स्वतःच बेसूर आवाजात ते गात होता, डोळे पुसत.

मग ऐकू आलं. लांब कुठंतरी, धुक्याच्या पोटातून, एक घोगरा आवाज: दात असले तर या रे या. दुसऱ्या बाजूनं दुसरा. आणि डब्यावर चमचा आपटल्याचा आवाज.

ते आले. दोघं-तिघं मिळून, एकमेकांच्या किल्टचं, त्या चौकड्यांच्या घागऱ्याचं, टोक धरून, आंधळ्यांसारखे. इव्हर मॅक्रे आला, हसतही होता आणि रडतही होता. पोरसवदा कॅप्टन आला, दंडाला फडकं बांधलेला, आणि रांगेत सगळ्यांच्या मागे उभा राहिला. बंदरावरचे दोन कोळीही आले. टॉल्मी म्हणाला, तुमची कंपनी पलीकडं आहे. ते म्हणाले, आमच्याकडं अशी धून कोण वाजवणार. त्यांनाही त्यानं वाढलं. प्रत्येकाच्या डब्यात तो काठोकाठ रस्सा ओतत होता, कारण ज्यांच्यासाठी शिजवलं ते सगळे काही येणार नव्हते, आणि उरलेलं बघायची त्याची तयारी नव्हती.

तॉर्किल प्रत्येक चेहरा पाहत होता. चिखलानं सगळे एकसारखे झाले होते. फिनले त्यात नव्हता. प्रकाश कमी होऊ लागला. मनरो उठून आला आणि म्हणाला, "जरा दम घे." तॉर्किलनं मान हलवली. ओठ फुटून रक्त फुंकायच्या नळीवर येत होतं. त्याची चव त्याला लागत होती आणि तो वाजवत होता.

अंधुक व्हायला लागलं तेव्हा चौघं जण एका कोटाची चार टोकं धरून आले. कोटात कोणीतरी होतं. पुढचं डावं टोक धरणारा लंगडत होता आणि त्याच्या पट्ट्याला एक डबा लटकत होता, मधोमध चेपलेला.

तॉर्किलचे हात पिपाणीवरून निघालेच होते. तेवढ्यात फिनले ओरडला, "थांबू नकोस! दादा, थांबू नकोस! मागे अजून आहेत!"

म्हणून तो थांबला नाही. भाऊ चार हातांच्या अंतरावर उभा होता, जिवंत, आणि त्याला मिठी न मारता तॉर्किल टॉल्मीच्या मेंढीची धून वाजवत राहिला. कोट खाली ठेवला गेला. तेव्हा त्याला दिसलं की आत हेक्टर गिलँडर्स आहे, आणि हेक्टरची छाती हलत नाही.

फिनले त्याच्या कानाशी येऊन बोलला, कारण पाइपच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

"सकाळीच पोटात लागलं मामाला. आम्ही खड्ड्यात होतो. कूचगीत वाजलं तेव्हा म्हणाला, आपला तॉर्किलच तो, पण काय वाजवतोय मूर्ख! मग हे सुरू झालं. तेव्हा हसला. म्हणाला, उचला मला, त्या बाजूला चला, टॉल्मी वाढायला लागलाय. वाटेतले खड्डे धुंडाळत आणलं आम्ही त्याला. प्रत्येक खड्ड्यापाशी थांबवायचा, हाक मारायला लावायचा." फिनलेनं नाक पुसलं. "कारखान्याच्या अलीकडं गेला. पण ऐकत होता रे. शेवटपर्यंत ऐकत होता. मला म्हणाला, म्हणून ठेवला होता त्याला मागे. आणि म्हणाला, त्या माशाचं आता माफ."

त्या धुनेवर मागून आणखी सात-आठ जण आले. हेक्टरनं खड्ड्याखड्ड्यातून हाका मारून उठवलेले. टॉल्मीनं एक डबा भरला आणि हेक्टरच्या उजव्या हाताशी ठेवला. मग तो नेहमीच्या रागीट आवाजात म्हणाला, "बघताय काय? खा. गार होईल."

लढाई पुढं दोन वर्षं चालली. सी कंपनी आणखी दोनदा कापली गेली आणि दोनदा मागे राखलेल्या माणसांभोवती उभी राहिली. ग्लासगोच्या गल्लीबोळांतली पोरंही तिच्यात आली, आणि महिन्याभरात तीही टॉल्मीच्या मेंढीचं गाणं म्हणू लागली.

तॉर्किल आणि फिनले दोघंही घरी परतले. आईनं दोघांना दारात पाहिलं आणि ती दोघांच्या बाह्या घट्ट धरून उभी राहिली.

सगळं ठीक होतं, पण तॉर्किल नदीकाठच्या वाटेनं जाईनासा झाला. त्या वाटेवर हेक्टरचं घर होतं आणि घरात किर्स्टीमामी एकटी होती. मेंढ्या डोंगरावर न्यायच्या तर तीच वाट जवळची. तो दुसऱ्या बाजूनं वळसा घालून जाई. फिनलेनं एकदा विचारलं तर त्याच्यावर वसकन ओरडला. भीती एकच होती. ती दारात येईल आणि विचारेल, पाळी त्याची होती ना रे, मग तो गेला आणि तू राहिलास कसा? हाच प्रश्न तो स्वतःलाही रोज विचारत होता.

एप्रिलात जमीन भुसभुशीत झाली. एके सकाळी तॉर्किल शेतात फावडं घेऊन उभा होता, तेवढ्यात किर्स्टीमामी बांधावरून येताना दिसली. पळायला जागा नव्हती. तिच्या पाठीवर एक पोतं होतं. ते तिनं त्याच्या पायाशी आपटलं आणि कमरेवर हात ठेवून दम घेतला.

"वळसे घालून घालून मेंढ्या वाळवल्यास की रे," ती म्हणाली.

"मामी, मी येणार होतो..."

"तीन महिने येणारच होतास. उघड ते."

त्यानं तोंड सोडलं. आत बटाटे होते. लहान, निळसर सालीचे, डोळ्यांतून नुकते कोंब फुटू लागलेले. असे बटाटे खोऱ्यात फक्त हेक्टरच लावायचा.

"लढाईला गेला तेव्हा सांगून गेला होता, हे मोडू नकोस म्हणून. दरवर्षी एक ओळ लावली मी. एक वर्ष तर खायला दुसरं काही नव्हतं, तरी शिजवलं नाही." ती थांबली. "आता गुडघे चालत नाहीत माझे. तू लाव."

शेवटी जे मनात होतं तेच तॉर्किलच्या तोंडून आलं. "मामी, पाळी त्याची होती. मी राहिलो."

"ठाऊक आहे मला. फिनलेनं आल्या आल्या सगळं सांगितलंय. तुला काय वाटलं, मी भांडायला आलेय?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज हेक्टरसारखाच होता, दगडावर कोरलेला. "माझ्या नवऱ्यानं आयुष्यात दोनच गोष्टी राखून ठेवल्या. हे पोतं आणि तू. या खोऱ्यातली किती तरी पोरं तुझ्या वाजवण्यावर घरी आली. त्यानं चांगलं बेणं ओळखलं होतं. त्याचा मला अभिमान आहे. आता तू ते वाया घालवू नकोस म्हणजे झालं."

तॉर्किल चिखलात गुडघ्यावर बसला. तिचे खरबरीत हात त्यानं आपल्या हातांत घेतले आणि "उपकार झाले, मामी, फार उपकार झाले," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. उपकार तिचे, हेक्टरचे, आणि त्या दिवशी धुक्यातून आलेल्या एकेका माणसाचे. तिनं त्याला रडू दिलं. मग डोक्यावर एक टपली मारली.

"ऊठ आता. घरी पातेलं चढवून आलेय. पाइप आण."

"पाइप कशाला?"

"जेवायला बोलवायचंय सगळ्यांना. मी काय दारोदार फिरू?"

तॉर्किलनं पाइप आणला. घरी परतल्यापासून पहिल्यांदाच तो नदीकाठच्या वाटेनं गेला आणि हेक्टरच्या दारात उभा राहून त्यानं जेवणाची धून वाजवली. डोंगरावर मेंढ्यांमागे असलेला आर्ची थबकला. इव्हर मॅक्रेनं नांगर सोडला. खाली खानावळीच्या दारात टॉल्मी आला, त्यानं कपाळावर हात धरून वर पाहिलं, आणि शिव्या घालत चढण चढू लागला. चहूबाजूंनी माणसं उतरत होती, आणि गंमत म्हणजे बहुतेकांच्या हातात ते जुने, चेपलेले डबेच होते. बायकांनी ते फेकून द्यायला सांगितले होते, पण एकानंही फेकले नव्हते.

किर्स्टीमामीनं सगळ्यांना वाढलं. हेक्टरची खुर्ची मोकळी होती. तिच्यासमोर तिनं एक डबा भरून ठेवला. टॉल्मीनं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

सगळं घर हसलं, किर्स्टीमामीसुद्धा.